शंभर सीसीचं इंजिन

बैल बघायला आलेला माणूस आधी दात बघतो, खूर बघतो, कासरा धरून चार पावलं चालवून बघतो. रान काळं का मुरमाड, नांगर ओढायचा का गाडी, हे विचारतो. मग किमतीचं बोलतो. तोच माणूस इंजिनापाशी आला की त्याला एकच प्रश्न सुचतो, "किती सीसी?" मी घरी चारचाकी गाडी बनवली आणि तिला मोटरसायकलचं शंभर सीसीचं इंजिन बसवलं, हे ऐकून आमच्या भागातली बरीच माणसं हसली. चार चाकं आणि शंभर सीसी! एकजण म्हणाला, "आण्णा, पुढं एक कालवड बी जुपा."

हसू देत. पण ते इंजिन कसं निवडलं, का निवडलं, ते सांगितलं पाहिजे. कारण ती निवड आकड्यावर झालेली नाही.

आम्ही वस्तीवर राहतो. घर माळाच्या कडेला उंचावर, आणि विहिरीजवळचा खालचा मळा ओढ्याच्या काठाला. मधलं अंतर साडेसातशे मीटर. वाट सगळी आमच्या आणि धाकट्या भावाच्या रानातली. खालच्या मळ्यात पंधरा गुंठ्यांचा एक तुकडा आहे, तो कारभारणीचा. सातबाऱ्यावर नव्हे, पण वस्तीवरचं लहान पोर सुद्धा त्याला तिचंच रान म्हणतं. वांगी, मिरची, गवार, कडेला घेवडा. बाजारच्या दिवशी चार क्रेट माल जायचा आणि त्याचे पैसे तिच्याकडं राहायचे. त्या पैशाचा हिशेब मी कधी विचारला नाही. पोरीचं बाळंतपण त्यातून झालं, माझ्या डोळ्याचं ऑपरेशन त्यातून झालं.

२०२१च्या पावसाळ्यात ती गोठ्यात घसरून पडली. डावा खुबा मोडला. ऑपरेशन होऊन नवा खुबा बसला. डॉक्टरांनी नियम सांगितले: मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, गुडघ्यापेक्षा खाली असलेल्या आसनावर बसायचं नाही, कमरेतून फार वाकायचं नाही. दोन-तीन महिन्यांनी ती काठी घेऊन अंगणात फिरायला लागली. पण खालच्या मळ्याची उतरण आणि परतीचा चढ काही जमेना.

मोटरसायकलवर पाय टाकून बसता येईना. एका अंगाला बसवून न्यायचं तर वाट खडबडीत, मलाच भीती. ट्रॅक्टरवर चढायचा सवालच नव्हता. बैलं आम्ही कधीच मोडली होती. पुण्याकडं कामाला असलेला मुलगा म्हणाला, "आण्णा, एक जुनी मारुती घेऊन टाका." पण जुन्या छोट्या गाडीचं आसन खाली असतं, आत शिरताना कंबर मोडून शिरावं लागतं, म्हणजे डॉक्टरांनी जे नको म्हटलं तेच. शिवाय ओढ्याकाठच्या काळ्या रानात पाऊस झाल्यावर मारुती तिथंच बसली असती.

पहिला महिना ती रोज विचारायची, "मिरचीला पाणी दिलं का? वांग्यावर कीड हाय का?" दुसऱ्या महिन्यात एकदा म्हणाली, "आवं, मला एकदा रानात नेता का न्हाई ते तरी सांगा." तिसऱ्या महिन्यात तिनं विचारायचंच सोडलं. वांगी झाडावर पिवळी पडली तरी बोलली नाही. ते मला लागलं. माणूस भांडतं तोवर बरं असतं.

त्याच साली डिसेंबरात आमच्याच सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याची बातमी सगळीकडं झाली. यशवंतराव चव्हाणांचं ते जन्मगाव. तिथले दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सामानातून छोटी चारचाकी बनवली होती, मोटरसायकलसारखी किक मारून चालू होणारी. आनंद महिंद्रांनी ती बघितली, कौतुक केलं आणि हेही म्हटलं की ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती थांबवतील. म्हणून बदल्यात नवी बोलेरो देऊ केली, आणि २०२२च्या जानेवारीत ती त्या कुटुंबाला मिळाली. लोक बोलेरोचं बोलत होते. मी किकचं बोलत होतो. मोटरसायकलचं इंजिन चार चाकं ओढू शकतं, एवढं मला त्यातून मिळालं.

पुतण्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. त्याला सांगितलं, आपल्याला एक गाडी करायची. रस्त्यावर न्यायची नाही, फक्त आपल्या रानात. तो लगेच म्हणाला, "बुलेटचं इंजिन बघू या आण्णा." मी म्हटलं, आधी तुझ्या काकूचं माप घेऊ.

ते माप म्हणजे गुडघ्यापासून जमिनीपर्यंतची उंची. त्यावर चार बोटं जास्त धरून आसनाची उंची ठरवली. दोन्ही बाजूंनी उघडी, धरायला पाइप, पाय न उचलता मागं टेकून बसता यावं अशी. गाडी त्या आसनाभोवती आखली. चौकोनी पाइपची चौकट, भंगारातल्या रिक्षांची चाकं आणि ब्रेक, मागं एकच ॲक्सल, त्याला दोन्ही चाकं पक्की. इंजिन मात्र अजून ठरलेलं नव्हतं. चौकट आधी झाली, हेच बरं झालं, कारण ओझं मोजायला मिळालं.

मी दहावी शिकलेला माणूस. पण आमची अर्धी हयात विहिरीवरच्या ऑइल इंजिनाबरोबर गेली. लहान पुली कुठं, मोठी पुली कुठं, पट्टा कुठं टाकला की पंप किती फिरतो, हे गणित आम्हाला शाळेबाहेर शिकायला मिळालं. जवळच किर्लोस्करवाडी. १९१०पासून तिथं लोखंडी नांगर आणि पुढं पंप तयार झाले. त्यामुळं या मुलखात इंजिनाचं बोलणं बायाबापड्यांनाही नवं नाही. तर ठरवलं, सीसी नंतर. आधी ओढ किती लागते ते मोजायचं.

चौकटीवर वाळूची पोती टाकली. गाडी, दोन माणसं, चार क्रेट माल आणि इंजिन असं सगळं धरून चार क्विंटल होतील एवढी. दोराला धान्य तोलायचा लटकता काटा बांधला आणि चौघांनी गाडी चढावर ओढली. चढ आठ फुटाला एक फूट. भाऊ काट्याकडं बघत चालला. काटा ऐंशी-पंच्याऐंशीच्या दरम्यान हलत राहिला. म्हणजे चार क्विंटल गाडी तो चढ चढायला चाकानं जमिनीला पंच्याऐंशी किलोचा रेटा द्यायला पाहिजे.

आता चाक. रिक्षाच्या टायरला सुतळीचा वेढा दिला, १.३ मीटर भरली. म्हणजे मध्यापासून जमीन साधारण २१ सेंटिमीटर. पंच्याऐंशी किलो गुणिले ०.२१ मीटर, झाले जवळजवळ १८. एवढा पीळ ॲक्सलला पाहिजे. पुतण्यानं हा आकडा दुकानाच्या दारावर खडूनं लिहिला, आणि मग आम्ही इंजिनं बघायला निघालो.

पहिली बुलेट. ३४६ सीसी, एकच मोठा पिस्टन, लांब स्ट्रोक, कमी फेऱ्यांत मोठी ओढ. बुलेटनं शेतात काय करता येतं ते गुजरातच्या अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानींनी दाखवून दिलंय. डिझेल बुलेटचं मागचं चाक काढून तिथं औजारं जोडली आणि कोळपणी, पेरणी केली. "बुलेट सांती" म्हणतात त्याला. सौराष्ट्रातल्या छकडा रिक्षा सुद्धा बुलेटच्याच पुढच्या धडावर उभ्या राहिल्या. तेव्हा ओढीची शंका नव्हतीच. पण आम्हाला लागणार होती त्याच्यापेक्षा ती कितीतरी जास्त. इंजिन आणि गिअरबॉक्स उचलायला दोन माणसं लागतात. एवढं वजन मागं टाकलं की चौकट जाड करावी लागते, चौकट जाड केली की गाडी जड होते, आणि काळ्या रानात जड गाडी म्हणजे रुतलेली गाडी. त्यात धक्के. नवा खुबा बसवलेल्या बाईला त्यावर बसवायचं कसं? आणि क्लच. गॅरेजवर उभ्या असलेल्या जुन्या बुलेटचा क्लच मी दाबून बघितला. माझ्या हाताला तो कळला, म्हणजे तिच्या हाताला झेपणार नव्हता.

इथं एक गोष्ट सांगायची राहिली. गाडी मी चालवणार आणि ती शेजारी बसणार, असं सगळे धरून चालले होते. मी तसं धरलं नव्हतं. कारण तिला रानात न्यायचं म्हणजे माझ्या सवडीनं न्यायचं. माझी वेळ होईल तेव्हा ती जाणार, मला कंटाळा आला की परतणार. पंचेचाळीस वर्षं जी बाई स्वतःच्या पायानं, स्वतःच्या वेळेला रानात गेली, तिच्यासाठी ते रानात जाणं नव्हे. गाडी तिला चालवता आली पाहिजे. हे मनात पक्कं होतं म्हणूनच मोटरसायकलचं इंजिन पाहिजे होतं. मोटारीत क्लच डाव्या पायाला असतो आणि तिचा डावाच पाय अधू. मोटरसायकलचा क्लच हातात असतो, गॅस हातात असतो. गिअर पायात असतो खरा, पण सळई जोडून तो हातात आणता येतो. उजव्या पायाला फक्त ब्रेक. डावा पाय नुसता टेकलेला.

दुसरं सुचवणं गॅरेजवाल्या मिस्त्रीचं. त्याचा जीव यामाहा आरएक्स १०० वर. तेही शंभराच्या आतलंच, ९८ सीसी, पण टू-स्ट्रोक आणि ११ घोड्यांचं. "आण्णा, पिकअप बघा," म्हणाला. पिकअप खराच. पण ते अकरा घोडे मिनिटाला साडेसात हजार फेऱ्यांच्या आसपास निघतात. आमच्या विहिरीवरचं पाच घोड्याचं ऑइल इंजिन पंधराशे फेऱ्यांत पाच घोडे द्यायचं. घोडे दोघांकडं आहेत, पण एकाचे पळणारे आणि एकाचे ओढणारे. मला कुणी पळायला बोलावलं नव्हतं. दुसरी गोष्ट उताराची. गॅस सोडून गिअरमध्ये ठेवलं की फोर-स्ट्रोक इंजिन गाडीला मागं धरतं, टू-स्ट्रोक फारसं धरत नाही. आमची वाट घराकडून निघाली की उतारच. उतरताना गाडी पहिल्या गिअरमध्ये इंजिनानंच धरलेली पाहिजे, सगळा भरवसा ब्रेकवर नको.

तिसरं, स्कूटरचं. गिअर नाही, क्लच नाही, बटण दाबलं की चालू, गॅस दिला की चालली. चालवायला याच्यासारखं सोपं काही नाही, आणि मी त्यावर दोन दिवस विचार केला. पण त्या इंजिनाचा सगळा कारभार पट्ट्यावर आणि आपोआप पकडणाऱ्या क्लचवर. कमी वेगानं, ओझं घेऊन, चढावर रखडत चाललं की तो क्लच घसरत राहतो आणि तापतो. आमचं काम नेमकं तेच. शिवाय इंजिन आणि मागचं चाक एकाच तुकड्यात असतं. दोन चाकांच्या ॲक्सलला ते जोडायचं म्हणजे सगळं तोडून नवं करायचं.

चौथं, रिक्षाचं. खरं सांगायचं तर हेच सगळ्यात तगडं होतं. रिव्हर्स गिअर आहे, डिफरन्शियल आहे, गार करायला स्वतःचा पंखा आहे, ओझ्यासाठीच जन्मलेलं. पण त्याचा गिअर डाव्या मुठीत. क्लच दाबून धरायचा आणि दाबलेल्या हातानंच मनगट पिळून गिअर टाकायचा. कारभारणीला रिक्षाच्या मुठीवर बसवून बघितलं. चार वेळा पिळल्यावर तिनं मनगट झटकलं आणि म्हणाली, "खुरपं धरलेल्या हाताला ह्यो पीळ सोसंना." आणि आम्हाला जे परवडण्यासारखं मिळत होतं, ते खालचा दांडा हातानं ओढून चालू करायचं होतं. म्हणजे कमरेतून वाकणं आलं. तिथं विषय संपला.

राहिलं ते शंभराचं, स्प्लेंडरचं. ९७.२ सीसी, चार गिअर. गावात प्रत्येक दुसऱ्या घरात उभं असलेलं, म्हणून कुणाच्या नजरेत न भरलेलं. दुधाच्या किटल्या, वैरणीचे भारे, तीन-तीन माणसं ओढून ओढून त्याची परीक्षा आमच्या गावानं वीस-पंचवीस वर्षं घेतलीय. पण परीक्षा आपल्या चढावर व्हायला पाहिजे होती.

मिस्त्रीच्या दारातल्या गाडीवर आम्ही ती घेतली. प्लग काढला, मॅग्नेटचं झाकण काढून खडूची खूण केली, पहिला गिअर टाकला आणि मागचं चाक हातानं हळूहळू एक वेढा फिरवलं. तेवढ्यात मॅग्नेट फिरला सदतीस वेढ्यांच्या आसपास. म्हणजे इंजिनाचा पीळ चाकापर्यंत जाताना सदतीस पट होतो. इंजिनाचा स्वतःचा पीळ चांगल्या फेऱ्यांत ०.८ किलो-मीटरच्या घरात. सदतीस गुणिले ०.८, झाले साडेएकोणतीस. चेन, बेअरिंग, जुनं इंजिन यांच्यापायी चौथा हिस्सा गेला धरा. तरी बावीस उरतात. दारावर खडूनं लिहिलेला आकडा होता अठरा.

पुतण्यानं दोनदा आकडेमोड केली. मग म्हणाला, "मग लोक बुलेट बुलेट का करत्यात?" मी म्हटलं, त्यांना कुठं चढ मोजायचा असतो.

यात खुबी लहान चाकाची आहे. मोटरसायकलचं अठरा इंची चाक एका वेढ्यात पावणेदोन मीटरच्या वर जातं, रिक्षाचं १.३ मीटर. वेग तेवढा कमी होतो आणि रेटा तेवढा वाढतो. तीन हजार फेऱ्यांना पहिल्या गिअरमध्ये आमची गाडी ताशी सहा किलोमीटर जाते, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाएवढी. साडेसातशे मीटरला सात-आठ मिनिटं. मिरचीला घाई नसते.

आणखी दोन गोष्टी त्या इंजिनाच्या बाजूच्या. त्याचा सिलिंडर उभा नसतो, पुढं जवळजवळ आडवा झोपलेला असतो. त्यामुळं ते आसनाच्या मागं बुटक्या जागेत बसलं. आणि क्लच इतका हलका की कारभारणीनं दोन बोटांनी दाबून दाखवला. बटणानं चालू होणारं मॉडेल आम्ही मुद्दाम शोधलं. किक मारणं तिच्या नशिबातून गेलेलं आहे.

इंजिन भंगारातून घेतलं, पण कागदासकट. हे जरा सविस्तर सांगतो, कुणाच्या कामी येईल. इंजिनावरचा नंबर खरवडलेला, घासलेला दिसला तर स्वस्त म्हणून हात लावू नये. विकणाऱ्याकडून पावती घ्यावी, पावतीवर तो नंबर लिहून घ्यावा. मग किक हातानं हळू दाबून बघावी. दाब मधेच भक्कम अडला पाहिजे, नुसती खाली जाता कामा नये. चालू करून सायलेन्सरमधून निळा धूर येतो का बघावं. निळा म्हणजे ऑइल जळतंय. शेवटी ऑइल सोडून बोटांत चोळावं. त्यात चकाकणारी कणी आली तर नमस्कार करून निघावं. आमचं इंजिन अपघातातल्या गाडीचं होतं. गाडीचं पुढचं सगळं गेलेलं, इंजिनाला खरचटलेलं नाही. साडेसहा हजाराला बसलं. एक कालवड विकली होती, त्यातून गाडीचं सगळंच भागलं. त्या थट्टेतली कालवड म्हणजे तीच, ती अशी जुपली.

मोटरसायकलचं इंजिन वाऱ्यावर गार होतं. आसनामागं दडवलं आणि सहाच्या वेगानं चालवलं की वारा कुठला? म्हणून बाजूनं पत्र्याचा नळ करून तोंड उघडं ठेवलं, आणि सिलिंडरसमोर बॅटरीवरचा छोटा पंखा बसवला. ऑइल सुमारे लिटरभर बसतं, ते ठरल्यापेक्षा लवकर बदलतो. चेनवर पूर्ण झाकण घातलं, कारण बाईमाणसाचा पदर आणि फिरती चेन यांची गाठ पडता कामा नये. इंजिन बंद करायचं लाल बटण अंगठ्याखाली ठेवलं.

राहिला रिव्हर्स. मोटरसायकलला मागं जायचा गिअर नसतो. पुतण्या म्हणाला, रिक्षाचा गिअरबॉक्स मधे घालू या. घातला असता, पण वजन वाढलं असतं, खर्च वाढला असता, आणि तिला आणखी एक दांडा सांभाळावा लागला असता. मी रात्री पडल्या पडल्या विचार करत होतो, आणि वाटलं, आमच्या बैलगाडीला कुठं होता रिव्हर्स? बैलं मागं सारता येतात, पण रोज कोण सारतं? गाडी फिरवायला वाव ठेवायचे लोक. आपणही तेच करू. वरती घरासमोर गोल वाट मोकळी केली. खाली विहिरीजवळ चिंचेला वळसा घालून दुसरी गोल वाट केली. मधे कुठं थांबायचं झालं तर एका बाजूला भावाच्या रानात वळायला जागा लागत होती. भावाभावांत बांधावरून काय काय होतं ते वाचणाऱ्याला सांगायला नको. मी विचारायला गेलो तेव्हा भाऊ उसाला पाणी देत होता. म्हणाला, "वैनीसाठी हाय न्हवं? मग इचारतोस काय." दुसऱ्या दिवशी त्यानंच दोन सऱ्या मोडून जागा सपाट केली.

दोन्ही चाकं एकाच ॲक्सलला पक्की असल्यानं वळताना आतलं चाक थोडं घासतं. डांबरी रस्त्यावर त्यानं टायर खाल्लं असतं आणि हँडल जड झालं असतं. मातीत ते सरकून जातं. उलट चिखलात एक चाक नुसतं फिरतंय आणि दुसरं उभं आहे असं होत नाही.

डांबरी रस्त्यावर ती जाणारच नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणं नोंदणीशिवाय वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही, आणि अशा घरच्या गाडीला नंबर मिळत नाही. कायदा बरोबरच आहे. आमचे ब्रेक आमच्या चढापुरते आहेत, हमरस्त्यावरच्या ट्रकपुढं नाहीत. बाजारला माल अजून टेम्पोनंच जातो. गाडी मालाला बांधापर्यंत आणते, तिथं तिची हद्द संपते.

चालवायला शिकायला कारभारणीला नऊ दिवस लागले. पहिले दोन दिवस इंजिन बंद ठेवून नुसता क्लच आणि ब्रेक. मग घरासमोरच्या गोल वाटेवर पहिल्या गिअरमध्ये फेऱ्या. ती साठीजवळची बाई, उभ्या जन्मात सायकल सुद्धा शिकली नव्हती. पण औत हाकलेलं होतं. कासरा कुठं ढिला सोडायचा, कुठं धरायचा हे अंगात होतं, आणि क्लच सोडणं म्हणजे तरी दुसरं काय असतं? नवव्या दिवशी मी शेजारी बसलो आणि आम्ही खाली उतरलो. गॅस सोडलेला, पहिला गिअर, इंजिन गाडीला धरून धरून खाली नेत होतं. चिंचेखाली थांबून तिनं बटण दाबलं. सात महिन्यांनी ती तिच्या रानात आली होती. मला वाटलं आता डोळ्यांत पाणी येईल. ती काठी टेकत मिरचीच्या सरीपर्यंत गेली, एक पान उलटं करून बघितलं आणि म्हणाली, "फवारणी कुणी केली ही? पानाच्या खालनं काईच लागलं न्हाई."

तेव्हापासून ती भांडायला लागली ती आजतागायत.

वाकता येत नाही म्हणून खुरपणीला आता बाया लावते, पण उभी राहून करून घेते. झाडाच्या कमरेएवढी येणारी वांगी स्वतः तोडते. क्रेट मागं ठेवायला कुणी ना कुणी असतंच. वर येताना चढाच्या पायथ्याला इंजिनाचा आवाज बदलतो, ती पहिला गिअर टाकते, आणि मग तो आवाज एका लयीत वर येत राहतो. मी कुठंही असलो तरी मला कळतं गाडी कुठं आहे ते.

परवा शेजारच्या गावातला एकजण गाडी बघायला आला. त्याच्या आईला गुडघ्यांचा त्रास आहे. त्यानं विचारलं, "किती सीसी?" मी त्याला लटकता काटा दिला आणि म्हटलं, आधी तुमचा चढ मोजून या, आणि आईंच्या हातात क्लच देऊन बघा. मग इंजिनाचं बोलू. त्याला गाडी चालवून बघायची होती. पण चावी माझ्याकडं नव्हती. ती कारभारणीच्या कमरेला असते. मला लागली तर मी सुद्धा मागून घेतो.